जेवण झालं का

३ फेब्रुवारी

खोली मिळाली. गावात दुसऱ्याही होत्या, पण या घरात गरोदर सून आहे म्हणून मी हट्टाने हीच मागितली. ज्यांच्या आहारासाठी काम करायचं त्यांच्यातच राहावं, एवढाच विचार. साहेब म्हणाले, "कॉलेजात शिकवत होता तेव्हा तास संपला की घंटा वाजायची. इथे घंटा नाही, बाई." मी म्हटलं, म्हणूनच तर आले. तेव्हा हे उत्तर बरं वाटलं होतं. आता लिहिताना नाटकी वाटतंय.

घरात चौघं. सासू, त्यांना मी मावशी म्हणायचं ठरवलं आहे. पन्नाशी ओलांडलेल्या, हात क्षणभर रिकामे नाहीत. सासरे, म्हणजे काका, फारसे बोलत नाहीत, आणि बोललेच तर गाईशी. मुलाला अख्खा गाव 'सावकाश' म्हणतो. त्याला हाक मारली की तो ओ देईपर्यंत आपण कशासाठी बोलावलं तेच विसरून जातो. सून चौथ्या महिन्यात आहे. तिला घरात 'चिमणी' म्हणतात. का, असं विचारलं तर मावशी म्हणाल्या, "खातेच तेवढं. चार दाणे टिपले की भागलं हिचं." ती हसली. मीही हसले.

एक एकर मका, बांधावर घेवडा, घरामागे थोडी रताळी. गाय एकच, तिचं दूध डेअरीला जातं.

माझी खोली मागच्या बाजूला. खुंटीवर एक निळी ओढणी, फळीवर फणी आणि हातातला आरसा. यांची मुलगी सासरी असावी. "तिचं सामान हलवायचं का?" असं विचारलं तर मावशी म्हणाल्या, "असू द्या तिथंच." आणि खोली पुन्हा झाडायला लागल्या. मघाशीच झाडली होती.

५ फेब्रुवारी

कोंबड्या आल्या. आमच्या पोषण योजनेत गरोदर बायकांची चौदा घरं आहेत. प्रत्येक घरी पाच कोंबड्या आणि परसात लावायला भाज्यांचं बी. मी सगळ्यांना ओसरीवर बसवून समजावून सांगितलं. भाषण नको, मोजकंच बोलायचं, असं ठरवलं होतं, तरी लांबलंच. शेवटी सोपं करून म्हटलं, "एक लक्षात ठेवा. रोजचं एक अंडं आईचं."

सावकाश थोड्या वेळाने म्हणाला, "ऐकलंस ना गं आई? तुझी चैन आहे."

सगळे हसले. मावशी लाजल्या. मीही हसले आणि म्हटलं, "अहो, होणारी आई." तोवर काका उठून गेले होते आणि चिमणी कोंबड्यांना पाणी ठेवायला गेली होती.

ओसरीच्या भिंतीवर आमचं पोस्टर लावलं. गुटगुटीत बाळ, दंडाला वळ्या, खाली लिहिलंय, 'आई खाईल, बाळ वाढेल'. शब्द माझेच. ऑफिसात पहिल्या झटक्यात पसंत पडले होते.

९ फेब्रुवारी

सकाळच्या ताटात उकडलेलं अंडं. नको म्हटलं. मावशी ऐकेनात. "आमच्या घरात राहून तुम्ही वाळलात तर लोक आम्हाला काय म्हणतील?" पाहुणचाराला किती वेळा नाही म्हणायचं? तिसऱ्यांदा नाही म्हटलं असतं तर ते माझं टिमकी वाजवणं झालं असतं. खाल्लं. मीठ-मिरी लावलेलं, छान होतं.

मला काका आणि सावकाशच्या ओळीत बसवतात. चिमणी वाढते, मावशी आतून गरम गरम पाठवतात. संकोच होतो, पण बरंही वाटतं, खोटं कशाला लिहू. मोठ्या गावातून एकटी बाई इथे येऊन राहते, याचा त्यांना आदर असावा.

पोस्टर खाली पडलं होतं. वाऱ्याने, मावशी म्हणाल्या. पुन्हा लावलं, या वेळी चार खिळे ठोकून.

१८ फेब्रुवारी

चौदा घरांची पहिली फेरी पूर्ण. ऑफिसने दिलेला प्रश्न असा आहे: 'मागील चोवीस तासांत आपण कोणकोणत्या अन्नगटांतील पदार्थांचे सेवन केले?' हे वाचून दाखवलं की बायका पदर तोंडाला लावतात. म्हणून मी कागद पिशवीतच ठेवते. दारात उभं राहून शेजारणीसारखं विचारते, "काय गं, जेवण झालं का?" लगेच मोकळं उत्तर येतं, "झालं की." सगळ्या घरांत झालेलं असतं. कामाला अजून महिना झाला नाही, त्या मानाने फार बरं.

कोंबड्यांपैकी दोनच अंडी घालताहेत. सावकाशच्या मते बाकीच्या तिघी नुसत्या मीटिंग घेतात. माझ्याकडे बघून म्हणाला का, ते कळलं नाही. सकाळी एक अंडं मला आणि एक त्याला. तो नांगर धरतो, त्याला हवंच.

१ मार्च

मन थाऱ्यावर नाही.

चिमणीला आरोग्य केंद्रात नेलं. महिनाभरात वजन तसूभर वाढलेलं नाही आणि रक्त आणखी कमी झालंय. सिस्टरने तिची खालची पापणी ओढून मला दाखवली, कागदासारखी पांढरी. तिला बाहेर बसवून मग म्हणाली, "हे असंच राहिलं तर बाळंतपणात थोडं रक्त गेलं तरी ही सहन करू शकणार नाही. बाळाचं जाऊ दे, मला हिचीच काळजी आहे."

मी म्हटलं, "पण ती जेवते. मी रोज विचारते."

सिस्टर म्हणाली, "मग जातं कुठे?"

जंत असतील. लोहाच्या गोळ्या पोटात टिकत नसतील. परतताना मी ही सगळी कारणं चिमणीला सांगत होते. ती हो हो म्हणत होती आणि वाटेत दोनदा बसली. दुसऱ्यांदा बसली तेव्हा बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने मीही बसले, म्हणजे तिला लाजल्यासारखं होणार नाही. बुटाला नाडी नव्हती.

माझे कपडे मात्र घट्ट होताहेत. इथलं पाणी मानवलेलं दिसतंय.

४ मार्च

घरून यांचा फोन आला. मी चिमणीबद्दल बोलत होते, मग विषय बदलावा म्हणून सकाळच्या नाश्त्याचं कौतुक केलं. ते म्हणाले, "मजा आहे. म्हणजे सध्या योजनेची लाभार्थी तूच म्हणायची."

मी चिडले. फोन ठेवला. मग कोंबड्यांच्या खुराड्यापाशी जाऊन उभी राहिले. दोन अंडी. एक मला. एक सावकाशला.

हे मला दिसलं कसं नाही? रोज या वहीत लिहीत होते. मिरी किती होती तेसुद्धा.

५ मार्च

सकाळी ताटातलं अंडं उचलून चिमणीच्या हातात दिलं. सगळ्यांसमोर. "हे तुझं आहे. माझ्यासमोर खा." ती मावशींकडे बघत राहिली. मावशी चुलीकडे. सावकाशने आपलं अर्धं खाल्लेलं अंडं हळूच ताटाच्या कडेला सारलं. शेवटी तिने खाल्लं, औषधासारखं, पाण्याबरोबर. नंतर मागच्या दाराशी ओकली.

दिवसभर मला वाटत होतं की मी योग्य तेच केलं. संध्याकाळपासून तसं वाटत नाही. पण दुसरं काय करायला हवं होतं, तेही सुचत नाही.

१२ मार्च

रोज तिच्यासमोर बसते. रोज ती कसंबसं संपवते. आज म्हणाली, "बाई, रागावणार नाही ना? तुम्ही बघत असलात की घास तोंडात नुसता फिरतो. लहानपणी वासराला औषध पाजायचो, तसं वाटतं."

"मग मी जाऊ?"

"जा म्हणत नाही. तिकडे तोंड करा."

मी भिंतीकडे तोंड करून बसले. भिंतीवर पोस्टर नव्हतं. चार खिळे मात्र होते.

२० मार्च

लिहायला घेतलं आणि दोनदा उठले. आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

शेवटच्या दोन घरांत कुणी भेटलं नाही म्हणून भर दुपारी परतले. काका आणि सावकाश हात धुऊन झाडाखाली आडवे झाले होते. चिमणी मोठं पातेलं घासत होती. मी सवयीने विचारलं, "जेवण झालं का?"

"झालं."

पातेलं कोरडं ठणठणीत होतं. आज ते दिसलं नसतं तर रोजच्यासारखी पुढे निघून गेले असते. मी विचारलं, "तू काय खाल्लंस?"

ती गोंधळली. "मी?"

"मग कोण? आत्ता म्हणालीस ना, झालं."

"जेवण झालं का म्हणालात ना? झालं की. सगळ्यांचं झालं. भांडीसुद्धा होत आली."

ती लबाडी करत नव्हती. तिच्या आवाजात उलट माझ्याबद्दल काळजी होती, उन्हातून आलेल्या माणसाला काही सुचत नसतं तशी. स्वयंपाक रांधला, वाढला, आवरला, म्हणजे जेवण झालं. माझ्या प्रश्नाचं ती रोज खरं उत्तर देत होती. तिने स्वतः काय खाल्लं हे मी तिला आजवर कधी विचारलंच नव्हतं.

"तू जेवलीस का?" मी विचारलं.

ती पातेल्याकडे बघून म्हणाली, "उरलं असतं तर बसले असते."

२३ मार्च

चौदा घरांत पुन्हा फिरले. तोच दरवाजा, तीच बाई, फक्त प्रश्न बदललेला. तू जेवलीस का? नऊ जणी गप्प राहिल्या. एक म्हणाली, "आत्ता बसतेच आहे," आणि बसली नाही. एक रडली. तिच्याजवळ किती वेळ थांबावं ते मला कळेना.

साहेबांना आधी पाठवलेला अहवाल चुकीचा आहे, असं कळवलं. त्यांनी विचारलं, "नक्की काय चुकलं?" मी म्हटलं, क्रियापद. ते थट्टा समजले.

२७ मार्च

मावशींशी बोलायचंच, असं ठरवून गेले. त्या शेंगा सोलत होत्या. मी म्हटलं, "मावशी, घरात धान्य आहे. आज मी कणगी बघितली. मग तिच्या वाट्याला का उरत नाही?"

"तिला पुरतं तेवढं."

"नाही पुरत. सिस्टरने सांगितलंय. तिचं वजन वाढायला हवं."

त्यांनी सोललेली शेंग टाकली आणि टरफल टोपलीत ठेवलं. "तेच नकोय," म्हणाल्या.

"काय नकोय?"

"तुम्ही शिकलेल्या आहात, बाई. तुमचं पुस्तकातलं बरोबर असेल. मी माझ्या सुनेला उपाशी मारत नाही. चार घास कमी घालते. तिच्यासाठीच घालते." मग आत गेल्या. मी बसून राहिले. नुसतं कसं बसायचं, म्हणून उरलेल्या शेंगा सोलल्या.

मला राग आला होता. आतासुद्धा आहे. ही बाई आपल्या सुनेला ठरवून कमी वाढते आणि ते दयेचं काम असल्यासारखं बोलते. अशा घरात मी राहायचं कसं?

२ एप्रिल

सावकाशच्या मोटरसायकलवरून आरोग्य केंद्रात गोळ्या आणायला गेले. तो गाडीही नावाला जागूनच चालवतो, त्यामुळे बोलायला वेळ मिळाला. मी रागातच म्हटलं, "तुमच्या आईला काही समजावता येत नाही."

एक वळण गेलं, दुसरं गेलं. मग म्हणाला, "तुम्ही राहता ना, ती खोली ताईची."

"माहीत आहे. सासरी असते ना?"

"नाही. नाहीये ती."

त्याने गाडी थांबवली. त्याला चालवताना बोलता येत नसावं. "ताई बाळंतपणाला इथंच होती. आई दिवसभर तिच्या मागे असायची, हे खा, ते खा. घरचं सगळं दूध तिला. गावभर म्हणायचे, काय तब्येत काढलीय पोरीने. आणि मग बाळ अडलं. मोठं होतं ना. गाडी मिळेपर्यंत दोघंही..." मग म्हणाला, "नंतर लोक म्हणाले, आत जास्त पोसलं. आईच्या तोंडावर नाही म्हणाले. पण आईने ऐकलं."

"किती वर्षांची होती?"

"सतरा."

मी ज्या खोलीत झोपते ती. ज्या आरशात बघून केस विंचरते तो. आणि ओसरीवर मी काय लावलं होतं? दंडाला वळ्या असलेलं बाळ. पडलं तर पुन्हा, चार खिळे ठोकून.

४ एप्रिल

सिस्टरला विचारलं, आईने नीट खाल्लं म्हणून बाळ अडतं का? ती म्हणाली, "तिची हाडं पुरती वाढायच्या आधीच तिला आई केली. आणि गाडी नव्हती. जेवणावर कशाला ढकलता?" चिमणी पंचवीस वर्षांची आहे, अंगाने बेताची, पण त्या बाबतीत घाबरण्यासारखं काही नाही. "पण शब्द द्या म्हणाल तर तो मी देणार नाही. कुणाच्याच बाळंतपणाचा देत नाही."

आता हे मावशींना सांगायचं कसं? जेवणाचा दोष नव्हता, हे सांगितलं तर त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल. पण मग दोष कशाचा, हे त्या विचारणारच. सतराव्या वर्षी लग्न लावलंत त्याचा, असं म्हणू? एक ओझं उतरवून लगेच दुसरं द्यायचं? की फक्त गाडीबद्दल बोलायचं? अर्धं खरं सांगणं म्हणजे खोटंच ना? सकाळपासून ओसरीवर येरझाऱ्या घालतेय. काकांनी गाईला विचारलं, "हिला काय झालंय गं?" गाईच्या आडून का होईना, मला उद्देशून ते पहिल्यांदाच काही बोलले.

५ एप्रिल

बोलले. फक्त गाडीचंच बोलायचं ठरवून गेले होते. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आणि वय लहान होतं तिचं. ते मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? रोज कळतं."

त्यांच्या हातावर हात ठेवावा असं वाटलं, पण त्यांचे हात पिठात होते.

मग त्यांनी सरळ विचारलं, "हिला वाढलं आणि ही अडली तर?"

मी म्हटलं, "तर आपण दवाखान्यात असू. गावात नसू."

"म्हणजे गाडी?"

"मी आणीन."

"नुसती आणीन नको. तुम्ही सोबत थांबायचं. मी वाढते. पोटभर वाढते. पण त्या दिवशी तुम्ही इथं नसलात, तर ते घास मी घातले नाहीत, तुम्ही घातलेत."

हो म्हणाले. आठवड्याला एकदा येणारी ऑफिसची जीप अशा कामाला देता येत नाही, हे मला माहीत असूनही हो म्हणाले. जो शब्द सिस्टरने दिला नाही, तो मी देऊन बसले.

६ एप्रिल

सकाळी मावशींनी काकांना सांगितलं, "आज आधी आम्ही बसतो."

काका दारातच थांबले. "का?"

"भूक लागलीय."

काका गोठ्यात जाऊन उभे राहिले. सावकाश म्हणाला, "बरं झालं. मला कधी कुणाच्या आधी पोचायची सवयच नाही."

मी काकांच्या ओळीतली जागा सोडून आत चुलीपाशी बसले. धुराने डोळे चुरचुरले. भात, घेवडा, पालेभाजी. मावशींनी चिमणीला वाढलं. डाव हातात धरून थोडं थांबल्या, आणि आणखी एकदा वाढलं. मी खाली माझ्या ताटात बघत जेवले.

१४ मे

वजन वाढलं. रक्तही थोडं. सिस्टरने माझ्या पाठीवर थाप मारली. घरी येऊन मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरं," आणि चिमणीच्या पोटाकडे बघत राहिल्या. शेतावर आता ओझं सावकाश वाहतो, पाणीही तोच आणतो. गावात त्याची चेष्टा होते. तो म्हणतो, घागर उतरवीपर्यंत थांबा, मग उत्तर देतो.

आनंद व्हायला हवा. होतो आणि टिकत नाही. पोट वाढताना दिसतं आणि मला त्या दुसऱ्या मुलीचं पोट दिसतं, जिला मी कधी पाहिलं नाही. सिस्टरचं म्हणणं बुद्धीला पटतं. पण रात्री तिच्या खोलीत मी असते, सिस्टर नसते.

१८ जून

जीप काढून घेतली. दुसऱ्या भागात काम सुरू होतंय. साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही आहारतज्ज्ञ आहात, ड्रायव्हर नाही. एका बाळंतपणासाठी इतकं गुंतून कसं चालेल? बाकी तेरा आहेत."

हे म्हणणं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. तेरा आहेतच. त्यातल्या दोघी चिमणीपेक्षा अशक्त आहेत, आणि त्यांच्या घरात मी राहत नाही, एवढाच त्यांचा गुन्हा. त्यांच्याकडेही दिवसाआड जाते आणि घाईघाईने परत येते. हा न्याय आहे का? नाही. तरी येते.

मावशींना जीपचं सांगितलेलं नाही.

२५ जून

सांगितलं. त्या भांडतील असं वाटलं होतं. म्हणाल्या, "मग गाडी नकोच. आधीच जाऊन राहू." दवाखान्याजवळ शिलाईकाम करणाऱ्या एका बाईची खोली आहे, सिस्टरच्या ओळखीची. इतक्या दिवसांत हे माझ्या डोक्यात का आलं नाही? गाडी गाडी करत बसले होते.

४ जुलै

दवाखान्याजवळच्या खोलीत आलो आहोत, तिघी. मी रजा टाकली आहे. एक खिडकी, एक स्टोव्ह, एक पातेलं, भिंतीपलीकडे शिलाई मशीनची घरघर. काका आणि सावकाश शेतावर.

इथे वाढायला कुणी नाही. पातेलं मध्ये ठेवतो आणि तिघी भोवती बसतो. पहिल्या दिवशी मावशींना पहिला घास घेता येईना, आधी कुणाला द्यायचं तेच कळेना. चिमणी म्हणाली, "आई, सुरू करा, नाहीतर मी सगळं संपवीन." आणि खरंच बरंच संपवलं. मावशी तिच्याकडे बघून हसल्या, मग लगेच हसू आवरलं. असं हसू पुन्हा नशिबात आहे की नाही, अशा धास्तीने.

दोघींनाही न सांगता मी रोज दवाखान्यापर्यंत चालत जाऊन येते. रस्ता काही हलत नाही. तरी बघून येते.

१२ जुलै

काल लिहिता आलं नाही.

काल पहाटे कळा सुरू झाल्या. चालतच गेलो, वाटेत दोनदा थांबून. दुपार झाली तरी काही नाही. मावशी बाहेरच्या बाकावर बसून होत्या, हात मांडीवर, रिकामे. त्यांचे हात रिकामे मी पहिल्यांदाच पाहिले. निरोप मिळाल्यावर काका आणि सावकाश बसने आले. सावकाश काकांच्या पुढे चालत होता.

चारच्या सुमाराला डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "बाळाचं डोकं थोडं फिरलेलं आहे. वाट बघू." मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी मनात हिशेब मांडत होते: एप्रिलपासून किती घास, किती भात, कुणाच्या सांगण्यावरून. मला सगळं पाठ आहे, हाडं, वय, रक्त. त्या बाकावर त्यातलं काहीच कामाला आलं नाही. उठून पळून जावं असं वाटलं. हे मी लिहून ठेवते आहे, कारण मी पळाले नाही याचं श्रेय मला नको. मावशींनी माझा पदर धरून ठेवला होता.

उजेड असतानाच झालं. मुलगी. रक्त गेलं, बरंच गेलं, पण डॉक्टर म्हणाल्या, तिच्या अंगात आता ते सोसण्याइतकं होतं. मावशींनी फक्त एवढंच विचारलं, "आमची पोर कशी आहे?" सिस्टरने कपड्यात गुंडाळलेलं बाळ पुढे केलं. मावशी म्हणाल्या, "ही नाही. ती मोठी."

आत गेलो. चिमणी डोळे मिटून पडली होती. आम्ही सगळे कुजबुजत बाळाकडे बघत होतो. नाक कुणाचं, कान कुणाचे. तेवढ्यात ती डोळे न उघडता स्पष्ट म्हणाली, "मला भूक लागलीय."

कुणालाच समजलं नाही. सावकाश म्हणाला, "काय?"

"भूक लागलीय मला. खायला आणा काहीतरी."

सासऱ्यांसमोर. अशा आवाजात. एकदम धावपळ झाली. मावशींनी बाळ माझ्या हातात दिलं आणि खोलीवर भात आहे म्हणत निघाल्या. सावकाश पळाला, मी डोळ्यांनी पाहिलं, पळाला. काका कुठल्या दाराने गेले ते दिसलंच नाही.

खोलीत आम्ही तिघीच उरलो. चिमणीने विचारलं, "सगळेच गेले?"

"सगळेच."

"बरं झालं," ती म्हणाली. "नुसते बघत बसले होते."

काका आधी परतले. दोन्ही हातांत दुधाचे पेले, काठोकाठ, चालताना सांडलेले. कुठला आधी द्यावा ते त्यांना ठरवता येईना, म्हणून दोन्ही एकदम पुढे केले. चिमणी कोपरावर उठली, एक प्यायली, मग दुसरा प्यायली, आणि रिकामे पेले त्यांच्या हातात परत दिले.

काका थोडा वेळ ते घेऊन तसेच उभे राहिले. मग मला विचारलं, नळ कुठे आहे, आणि धुवायला गेले.